‘कोण?’ विचारणारी दारे

एका राज्यात एका राणीला झोप येत नसे. पलंग चंदनाचा होता, गादी हंसपिसांची होती, वारा घालायला दासी होत्या. पण डोळा लागतो न लागतो तोच एक प्रश्न उशाशी येऊन बसे: मी मेल्यावर शाल्मलीसाठी दार कोण उघडील?

राणीचे नाव पद्मरेखा. वय लहान, शिक्षण मोठे. शास्त्रे तिला पाठ होती, आणि शिकलेल्या माणसांचे होते तेच तिचे झाले होते. शंका कधी सुटी यायची नाही, पोटात आणखी चार शंका घेऊन यायची.

त्या राज्यातली दारे विचारणारी होती. राजवाड्याचे असो की गोठ्याचे, समोर माणूस उभा राहिला की दार विचारी, "कोण?" माणसाने नाव सांगावे, दाराने आवाज ओळखावा, आणि मगच उघडावे. दारांना कान होते, डोळे नव्हते. सगळी एकाच सागाची लेकरे, म्हणून एकाला कळले की सगळ्यांना कळे. पूर्वी कोण्या राजाच्या खजिन्याला चोर लागले, तेव्हा एका मायावी सुताराने ती घडवली होती. तेव्हापासून राज्यात चोरी म्हणून नव्हती, आणि लोकांना याचा फार अभिमान होता.

शाल्मली ही राजाराणीची एकुलती एक लेक. तिला ऐकू येत नसे, आणि ती तोंडाने बोलत नसे. दार "कोण?" म्हणे, ती दाराकडे बघत उभी राही, आणि दार बंदच राही. मग राणी पदर सावरत धावत येई आणि म्हणे, "मी शाल्मली." दार उघडे. न्हाणीघराचे दार, मुदपाकखान्याचे दार, बागेचे दार, सगळीकडे राणीच म्हणे, "मी शाल्मली." दारांनी तो आवाज शाल्मलीचा म्हणून लक्षात ठेवला. राणीचाही आवाज तसाच कसा, असे त्यांच्या मनात आले असेल. पण मायलेकींचा आवाज सारखा असतो, असे समजून ती गप्प राहिली. कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. आई नाही तर कोण बोलणार?

पण शाल्मलीचे सहावे वर्ष सरत आले होते, आणि सहावे सरले की दारओळख. त्या दिवशी सगळा दरबार महाद्वाराच्या आत बसे. बाहेर फक्त मूल आणि त्याची आई. दार तीनदा विचारी, मूल तीनदा नाव सांगे, आणि दार उघडे. राजाचे मूल असेल तर दार ज्याला आत घेई तोच गादीचा वारस, मग तो डोळ्यांना कसाही दिसो. पूर्वजांचा भरवसा डोळ्यांवर नव्हता, दारावर होता. जे मूल उत्तर देऊ शकत नसे ते अनोळखी ठरे. अनोळखींची वाडी तटाबाहेर होती. तिथल्या झोपड्यांना दारे नव्हती, नुसते तट्टे होते. ज्यांना ऐकू येत नसे, ज्यांचे बोलणे दारांना उमगत नसे, ज्यांना पायऱ्या चढून दारापाशी पोचता येत नसे, ते सगळे तिथे राहत.

आणि महाद्वाराला हात लावायची बंदी होती. हात लावेल त्याचा हात मनगटापासून झडेल, असा शाप होता. लोक आखलेल्या रेघेवर उभे राहून दुरूनच ओरडत.

राणीला वाटे, एकदा मीच ओरडेन. दारओळख पार पडेल. पण पुढे? मी आहे तोवर ती शाल्मली. मी गेले की कोण?

म्हणून राणीला सगळ्यांचा संशय येई. सगुणा दाईचा येई, कारण ती दुपारी शाल्मलीला घेऊन कुठेतरी जाई आणि मुलगी धुळीने माखून, हसत परत येई.

"कुठे नेतेस तिला?" राणीने विचारले.

"हवा खायला, राणीसरकार."

"राजवाड्यात हवा नाही?"

"आहे की. पण त्या हवेत तुम्ही उभ्या असता ना, भुवया जुळवून. पोरीला खेळायला जागा उरत नाही."

"तुझा भाऊ अनोळखींच्या वाडीत असतो, असे ऐकते."

"असतो. तोही हवा खातो," दाई म्हणाली, आणि शाल्मलीची वेणी घालू लागली.

राजा भद्रसेन याचाही तिला संशय येई. तोही दुपारी नाहीसा होई. विचारले तर म्हणे, "राज्याचे काम." दुपारच्या उन्हात राज्याचे कसले काम? दुसरी राणी शोधत असेल, ऐकू येणाऱ्या मुलांची. राणी हे मनात म्हणे, आणि मग आपल्यालाच म्हणे, इतके शिकून हेच सुचले का तुला?

अशात एक जादूगार आला. नाव मायाधर. अंगावर मोरपंखी शाल, दाढीला तेल, बोलणे तुपासारखे.

"राणीसरकार, राजकन्येला आवाज देता येईल," तो म्हणाला. "मात्र तीन वस्तू लागतील. पहिली, कोणी कधीच न फुंकलेला शंख."

"मोबदला?"

"काही नाही."

राणीला संशय आला. काही न मागणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. पण दारओळख जवळ येत होती.

शंख काळ्या तळ्याच्या तळाशी होता आणि त्याच्यावर एक कासव बसलेले होते. ते राज्याहून म्हातारे होते.

"शंख नेणारा मला आपली झोप देऊन जातो," कासव म्हणाले.

"झोप माझ्यापाशी नाही."

कासवाने तिच्या डोळ्यांत पाहिले, बराच वेळ पाहिले. "खरेच नाही," ते म्हणाले. "असे गिऱ्हाईक मला आजवर आले नव्हते." आणि ते शंखावरून बाजूला झाले.

परतीच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज बसला होता. लाल डोळ्यांचा, विटकरी पंखांचा. तो बोलणारा पक्षी होता.

"राणी, शंख कसा आणायचा ते तू विचारलेस. कशाला, ते विचारले नाहीस."

"तुला कोणी पाठवले?" राणीने विचारले.

"कोणी नाही."

"तसे तर सगळेच सांगतात."

"बरे. मुलीला तरी विचारलेस? तिला आवाज हवा आहे का?"

"ती लहान आहे."

"मी वय विचारले नव्हते," भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला. हा त्या जादूगाराचा शत्रू असणार, राणीने ठरवले. नाहीतर मित्र. दोन्हींत धोका होता.

दुसरी वस्तू म्हणजे हाकांच्या दरीतला प्रतिध्वनी, घागरीत भरून. त्या दरीत माणसाने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा म्हटलेले वाक्य त्याच्याच आवाजात परत येई. राणी कड्यावर उभी राहिली. तिला वाटले, एखादा श्लोक येईल. निदान "राजेसाहेब कुठे आहेत?" हे तरी. पण खालून तिचाच आवाज वर आला: "मी शाल्मली. मी शाल्मली. मी शाल्मली."

राणीने घागर भरली आणि तिच्या तोंडावर फडके बांधले.

तिसरी वस्तू मायाधराने आपल्या गुहेत सांगायची होती, आणि मुलीलाही बरोबर आणायचे होते. दारओळखीचा दिवस उजाडला तेव्हा दरबारात रांगोळ्या पडत होत्या, आणि राणी लेकीचा हात धरून डोंगर चढत होती.

गुहेत मायाधराने शंख मांडीवर घेतला, त्यात घागर ओतली, आणि म्हणाला, "आता फक्त आईचा आवाज. तुमचा तो तिला. सोपे आहे."

राणी थबकली. शाल्मलीने तिचा पदर ओढला. ती हातांनी बोलू लागली, झरझर. राणीला हातांचे बोलणे थोडेच येई: ये, जेव, नीज, नको. तरी तिला एवढे उमगले: "हा माणूस माझ्याकडे बघत नाही. तुझ्या गळ्याकडे बघतो."

"मोठ्यांच्या मधे नाही बोलू," राणीने बोट दाखवून सांगितले. मग मायाधराकडे वळून विचारले, "आणि मी?"

"आई आहात. तुमचे काय एवढे?"

हे वाक्य राणीने इतक्या वेळा ऐकले होते, आणि स्वतःलाही सांगितले होते, की तिला ते खरे वाटले. जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतलेली ती बाई, जिथे घ्यायला हवा होता नेमकी तिथे थकली. तिने मान डोलावली.

मायाधराने शंख तिच्या ओठांशी धरला. घशातून रेशमाचा धागा ओढून निघावा तसा तिचा आवाज निघाला आणि शंखात गेला. शाल्मलीच्या गळ्यात काही आले नाही. मायाधराने शंख कानाशी हलवून पाहिला, मग त्यात तोंड घातले आणि राणीच्या आवाजात म्हणाला, "मी शाल्मली. ठीक लागलाय. येतो आम्ही, राणीसरकार. दारओळखीला उशीर होतोय." आणि तो गुहेच्या तोंडातून वाऱ्यासारखा उतरला.

राणी ओरडली. ओरडलेले कोणालाच ऐकू आले नाही, तिलासुद्धा नाही.

सगळे तिच्या ध्यानात आले. दारे ज्या आवाजाला शाल्मली म्हणून ओळखत होती तो आवाज आता त्याच्यापाशी होता. दार आंधळे, दरबार आत, बाहेर कोणी नाही. तीनदा उत्तर दिले की तो वारस. शाल्मली अनोळखी. आणि राणीसुद्धा.

मायलेकी डोंगर उतरू लागल्या. वाट अनोळखींच्या वाडीवरून जात होती. तिथे सगुणा दाई होती, आणि ढीगभर मुले होती, आणि साऱ्यांचे हात चालू होते: भांडत, चिडवत, कुठलीशी लांबलचक थाप मारत. शाल्मलीला पाहताच दोघातिघांनी एकदम मूठ उगारली आणि ती फटकन उघडून बोटे वर उडवली. सावरीचे, म्हणजे शाल्मलीच्या झाडाचे, बोंड उकलते आणि कापूस उडतो, तसे. शाल्मलीनेही तसेच करून स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

राणी बघत राहिली. लेकीला नाव होते. तिचे तिने घेतलेले. आणि ते राणीला ठाऊक नव्हते.

"काय झाले, राणीसरकार?" दाईने विचारले. राणीने तोंड उघडले आणि मिटले. तेव्हा शाल्मली पुढे झाली आणि आईच्या वतीने हातांनी बोलली. दाईने तोंडाने अर्थ सांगितला: "म्हणते, आईचा आवाज त्या तेलकट माणसाने नेला. म्हणते, मी सांगितले होते. म्हणते, आईला काही विचारायचे असेल तर आता मला विचारा." दाईने ओठ दाबून हसू आवरले. "हे तिचे शब्द, माझे नाहीत."

मग सगळे निघाले. चालणारे चालत, न चालणारे चाकांच्या पाटांवर आणि पाठुंगळीला.

महाद्वारापाशी पोचले तेव्हा मायाधर रेघेवर उभा होता. शंख तोंडाशी होता.

"कोण?" दाराने विचारले, आणि पायऱ्या थरथरल्या.

"मी शाल्मली," राणीचा आवाज म्हणाला. आत पहिला नगारा वाजला.

"कोण?"

"मी शाल्मली." दुसरा नगारा.

राणी धावली, पण पायऱ्या उंच होत्या आणि घशात शब्द नव्हता. शाल्मली तिच्या हातातून निसटली. दार विचारते तेव्हा दगड थरथरतो, हे तिला पायांच्या तळव्यांतून कळत होते. आजवर प्रत्येक दारापुढे कळत आले होते. आणि दाराला हात लावला तर हात झडतो, हे तिला कोणी हातांनी सांगितलेच नव्हते. ती रेघ ओलांडून सरळ गेली आणि तिने महाद्वारावर दोन्ही तळहात ठेवले.

राणीने डोळे मिटले. मग उघडले. हात जागेवर होते.

"कोण?" दाराने तिसऱ्यांदा विचारले.

"मी शाल्मली!" शंखातून आवाज आला. त्याच क्षणी शाल्मलीने मुठीने लाकडावर ठोकले आणि मूठ उघडून तिथेच बोटे पसरली.

तिसरा नगारा वाजला नाही.

"बाहेर दोघे आहेत," दार म्हणाले. "एक बोलतो. दुसऱ्याने मला हात लावला. मूठ, मग उकललेली बोटे. हे नाव मी ऐकलेले नाही. आत कोणाला ठाऊक आहे का?"

आत कुजबुज झाली. मग राजा भद्रसेनाचा आवाज आला.

"ते सावरीचे बोंड आहे. माझ्या मुलीचे नाव. मी रोज दुपारी वाडीवर जाऊन ते बोलणे शिकतो. अजून नीट येत नाही. पण हे येते."

बाहेर राणीला आपण मनात आणलेली दुसरी राणी आठवली.

"मग दोन शाल्मली झाल्या," दार म्हणाले. "बोलणाऱ्या शाल्मली, तूही हात ठेव."

मायाधराचे तोंड उतरले. तो शिकलेला जादूगार होता. शाप त्याला शब्दन् शब्द पाठ होता. त्याने मुलीचे हात पाहिले, धडधाकट होते. तरी पाठ केलेले त्याच्याने विसरवेना. त्याने एक बोट पुढे केले, मागे घेतले.

"हात लावला तर झडतो," तो पुटपुटला, आणि घाईत हे स्वतःच्याच घोगऱ्या आवाजात बोलून गेला.

"हा कोण आता तिसरा?" दाराने विचारले.

मायाधर मागे सरला, पायरी चुकला, आणि शंख दगडावर पडून फुटला. राणीचा आवाज त्यातून सुटला आणि ओळखीच्या घशात जाऊन बसला. राणी खोकली. मायाधराची शाल पायऱ्यांवर राहिली, आणि शालीखालून एक मोठा सरडा निघून तटाच्या भेगेत शिरला. पुढे तो कोणाला दिसला नाही.

तिसरा नगारा वाजला. महाद्वार उघडले.

राजा बाहेर आला. "दारा, शाप मोडला काय?"

"शाप?" दार म्हणाले. "मला रोगण लावले तेव्हा ते ओले होते. लोक येता जाता बोटे लावत. सुतार वैतागला आणि म्हणाला, हात लावेल त्याचा हात झडेल. रोगण केव्हाच वाळले. पण परत कोणी जवळ आलेच नाही. सगळे दुरून ओरडतात. मी नुसते 'कोण?' विचारतो. तोंडानेच सांगा, असे मी कधी म्हटले?"

दरबारात कोणी कोणाकडे पाहीना. एक म्हातारा मानकरी म्हणाला, "पण राजेसाहेब, उद्या कोणीही येऊन काहीही ठोकील. चोर शिरतील."

"चोर आज शिरत होता," राजा म्हणाला. "तोंडाने बोलून."

मग अनोळखी एकेक करून पुढे झाले. कोणी तळवा ठेवला, कोणी काठी वाजवली. एकाचे बोलणे अडखळत येई; दार म्हणाले, "सावकाश. मला कुठे जायचे आहे?" चाकांच्या पाटावरची एक बाई पायरीखालूनच म्हणाली, "माझे काय? मी वर येत नाही आणि तू खाली येत नाहीस." तेव्हा राजाने गवंड्यांना बोलावले. दुसऱ्या दिवसापासून पायऱ्यांच्या बाजूने चढण बांधायला घेतली, आणि उंबरठे तासले. मानकरी कुरकुरले, पण पुढे गुडघे दुखू लागले तसे तेही चढणीनेच येऊ लागले. वाडी ओस पडली नाही, पण तिथे राहणे आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

राणीने राजाला गाठले. "मला सांगितले का नाही?"

"सांगितले असते तर तू बंद केले असतेस."

राणीचा आवाज परत आला होता, तरी ती हातांचे बोलणे शिकायला बसली. शिकवायला शाल्मली होती, आणि ती फार कडक होती.

एके सकाळी मायलेकी बागेच्या दारापाशी आल्या. दाराने विचारले, "कोण?" राणीचे तोंड सवयीने उघडले, आणि तिने ते मिटून घेतले. शाल्मलीने दारावर मूठ ठोकून उघडली. दार उघडले. पलीकडे विहीर होती, काटे होते, मुंगळे होते, आणि राणीच्या मनात त्याहूनही बरेच काही होते.

शाल्मली उंबरठ्यावर थांबली. तिने डोळे बारीक करून आईकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत, आणि मग हातांनी, आईला समजावे म्हणून सावकाश, सांगितले:

"मागे येऊ नकोस. मी वळून बघणार आहे."